मंगलचा गुडघा आणि खो-खोचा खांब

मित्रांनो, आमच्या शाळेच्या मैदानावर तुम्ही आलात तर मी तुम्हाला चटकन दिसणार नाही. दिसलो तरी तुम्ही म्हणाल, हे काय एवढंसं लाकूड! मोठ्या माणसाच्या छातीला लागेल एवढी माझी उंची, अंग गोल आणि गुळगुळीत, पाय कायमचे मातीत पुरलेले. मी खो-खोचा खांब आहे. वय झालंय माझं, आणि बीड जिल्ह्यातल्या या दिंद्रुड गावाबाहेरचं जग मी पाहिलेलं नाही. पण म्हणून मला कमी लेखू नका. या मातीत पाय रोवून मी जे पाहिलं, ते आठवलं की अजूनही माझ्या लाकडावर काटा येतो. ती एका गुडघ्याची गोष्ट आहे.

हसलात ना? खुशाल हसा. गुडघ्याची कसली आलीय गोष्ट, असं गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटलं होतं.

मी मूळचा निंबाचा. बाजारतळावरचा मोठा निंब एका वावटळीत आडवा झाला आणि त्याचा सरळसोट ओंडका सिदू सुतारांच्या वाट्याला आला. शाळेला खो-खोचे दोन खांब हवे होते. सिदू सुतार तोंडाचे फटकळ, पण हातात कसब असं की लाकडाने स्वतःहून वळावं. त्यांनी मला रंध्याने तासलं, काचपेपरने घासलं आणि शेवटी स्वतःचा गाल माझ्या अंगावरून फिरवून पाहिला. बघणारा एक जण फिदीफिदी हसला, तर त्याच्यावरच खेकसले, "हसतूस काय? लेकराबाळाचे हात लागनारेत ह्याला. एक कुसळ जरी घुसलं तर शिव्या मला बसत्याल, तुला न्हाई." असा मी जन्मलो. त्याच ओंडक्याचा माझा भाऊ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पुरला गेला. आम्ही दोघं एकमेकांकडे तोंड करून उभे आहोत.

ज्यांनी खो-खो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा दोघांच्या मधल्या सरळ वाटेवर आठ पोरी उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळणाऱ्या पोरींचा पाठलाग करते. निघाली त्या दिशेनेच तिला जावं लागतं, मधूनच माघारी फिरायची सोय नाही. फिरायचंच असेल तर आमच्यापैकी एकाला वळसा घालायचा. म्हणजे पोरगी जिवाच्या आकांताने पळत येते, माझ्याजवळ पाय रोवते, हात माझ्याभोवती टाकते आणि सगळं अंग पलीकडे भिरकावते. डोळ्याचं पातं लवेपर्यंत ती दुसऱ्या बाजूला असते आणि पळणारी बाद. खो-खोतला हा क्षण सगळ्यात देखणा, आणि तो माझ्या अंगाला लागून घडतो. मला गर्व होता, खोटं कशाला बोलू!

आमचे खेळाचे शिक्षक उत्तरेश्वर सर. शिट्टी गळ्यात आणि जीव मैदानात, असा माणूस. त्यांनी पोरींना एक ढब शिकवली होती. खांबावर आलं की पाय असा आपटायचा की धप्प आवाज झाला पाहिजे आणि धूळ उडाली पाहिजे. "हेडमास्तरच्या टेबलावरचा चहा सांडला पायजे!" असं ते ओरडायचे. लोकांनाही तो धप्प आवाज इतका आवडायचा की तेवढ्यासाठी शिट्ट्या पडत. दिंद्रुडच्या पोरी खांब हलवतात, असं परळीपासून आष्टीपर्यंत बोललं जाई. त्या आवाजात काही वाईट असेल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्या पोरींत सगळ्यात वरचढ होती पौर्णिमा, आश्रुबांची थोरली लेक. बुद्धविहाराशेजारी त्यांचं घर. सडपातळ, तेज, आणि वळसा घेताना अशी काही झुके की तिचे केस मातीला लागत. ती दहावीत असतानाची गोष्ट. साधा सराव चालला होता. समोर कुणी तगडा संघ नव्हता, कुणी तिला ढकललं नाही, कुणाचा साधा धक्काही लागला नाही. ती पळत आली, तिने उजवा पाय धप्पकन रोवला, हात माझ्याकडे टाकला आणि अंग वळवलं. अंग वळलं, पाऊल मात्र जिथल्या तिथे राहिलं. मधला गुडघा आत कलला. मला एक आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा. पौर्णिमा माझ्या बुडाशी बसली आणि तिने दोन्ही हातांनी मला धरलं. ती रडत नव्हती. ती नुसती गुडघ्याकडे बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

लोक म्हणाले, लचकलाय. कुणी हळद-चुन्याचा लेप सुचवला, कुणी चोळून बसवणाऱ्याचं नाव सांगितलं. ते सगळं झालं. पुढे मोठ्या दवाखान्यात फोटो काढल्यावर कळलं की गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवरून सरकू नये म्हणून जो दोर असतो, तोच तुटलाय. लिगामेंट म्हणतात त्याला. ऑपरेशन करावं लागलं. पौर्णिमा मैदानावरून गेली ती गेलीच.

आणि तिच्यामागोमाग खेळही गेला. आयांनी पोरी काढून घेतल्या. "पोरगी लंगडी झाल्यावर कोन बघनार?" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की मला ते पाठ झालं. सरांची शिट्टी खिशात गेली. माझं काय झालं म्हणता? मी क्रिकेटचा स्टंप झालो. कुणी मला म्हैस बांधली. मांडवाचे दोर, लाउडस्पीकरची वायर, वाळत घातलेली गोधडी, सगळं माझ्या गळ्यात पडलं. पलीकडच्या टोकाला माझा भाऊ वाकडा होत चालला होता आणि कुणाला त्याची फिकीर नव्हती. उन्हात माझ्या अंगाला चिरा पडल्या.

काही वर्षं अशी गेली, आणि एका सकाळी पौर्णिमा परत आली. बीडला शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करून आली होती. तिची चाल एकदम सरळ होती. तिने माझ्या गळ्यातला म्हशीचा दोर सोडला, अंगावरची धूळ ओढणीने पुसली आणि मला पाठ टेकून बसली. सरांना तिने तिथेच बोलावून घेतलं होतं.

"सर, मला गावातल्या पोरीन्ला खो-खो शिकवायचंय," ती म्हणाली.

सरांनी खिशातली शिट्टी चाचपली. मग म्हणाले, "पौर्णिमा, तुझं झालं तवापासून मला शिट्टी तोंडाला लावू वाटंना गेली. पुन्हा एखादीचं तसंच झालं तर?"

"त्याच्यासाठीच आले मी," ती म्हणाली. "ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यातल्या मॅडमनी मला काय शिकवलं म्हाईत हाय? उडी मारून खाली टेकायचं कसं. पळताना थांबायचं कसं. वळायचं कसं. मांडीच्या मागच्या बाजूला ताकद आनायची, एका पायावर तोल सांभाळायचा. मी त्यान्ला इचारलं, मॅडम, हे मला तुटायच्या आधी कावून न्हाई शिकवलं कुनी?"

सर तिच्या शेजारी मातीतच बसले.

मग तिने सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं. उडी मारण्याच्या आणि झटकन वळण्याच्या खेळांत हा दोर मुलांपेक्षा मुलींचा जास्त तुटतो. बहुतेक वेळा धक्का लागून नव्हे, आपलंच पाऊल चुकीचं टेकल्याने तुटतो. गुडघा सरळ ताठ आणि आत कललेला असला की घात होतो. पण टेकायला शिकवलं आणि शिकवतच राहिलं, तर अशा दुखापती निम्म्याच्या आसपास टळतात, असं जगभरच्या संघांत दिसून आलंय. मित्रांनो, मी नुसतं लाकूड, पण मला गरगरलं. म्हणजे जे माझ्या पायाशी मोडलं होतं, ते कदाचित मोडलंच नसतं!

पोरी जमल्या. आधी दोघी-तिघी, मग वाढत गेल्या. आयांची समजूत पौर्णिमानेच घरोघर जाऊन काढली. खेळ सुरू करायच्या आधी, घरात तवा तापून चार भाकरी होतील एवढा वेळ, ती त्यांच्याकडून वेगळंच काही करून घेई. शाळेच्या पायरीवरून खाली उडी मारायची, आणि टेकताना आवाज होऊ द्यायचा नाही. ज्या मैदानावर धप्प आवाजाला शिट्ट्या पडायच्या, तिथे पौर्णिमा पोरींकडे पाठ करून उभी राही आणि नुसत्या कानाने ओळखे, "आता कोन आपटलं? पुन्हा जा." प्रत्येकीच्या गुडघ्याच्या वाटीवर ती मैदान आखायच्या फक्कीचा पांढरा ठिपका लावी. उडीनंतर तो ठिपका पावलाच्या बोटांवर राहिला पाहिजे, अंगठ्याच्या आत गेला की चूक. एक पोरगी गुडघ्यावर उभी राही, दुसरी तिचे घोटे दाबून धरी, आणि पहिली सरळ अंगाने हळूहळू पुढे कलत जाई, जिथवर मांडीची मागची बाजू धरून ठेवेल तिथवर. पोरींनी त्याला लोटांगण नाव ठेवलं. माझ्याजवळ येताना एक लांब ढांग टाकायची नाही, बारीक बारीक पावलं टाकत, बसकं होत यायचं.

सुरुवातीला सगळ्या खिदळत. मलाही ते बाळांचे खेळ वाटले. पण दिवस जात गेले तशी मला जमिनीतून गंमत कळू लागली. आधी पावलं माझ्या बुडाशी आदळत. मग ती उतरू लागली. एवढ्या वेगाने येणारं एवढं वजन मातीला कळतही नव्हतं! माणसाच्या अंगाला असं काही शिकवता येतं, हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं.

फाल्गुन सरता सरता मंगल आली. मंगल म्हणजे विमलबाईंची लेक. दिवाळीच्या सुमाराला आई-बापाबरोबर ती ऊसतोडीला जायची ती कारखाना बंद झाल्यावरच परतायची. त्यात तिची अर्धी शाळा बुडायची. पण पळायला लागली की बघत राहावं. त्या उन्हाळ्यात बातमी आली होती की जूनमध्ये मुलींच्या क्रीडा वसतिगृहासाठी आमच्याच मैदानावर निवड आहे. तिथे नंबर लागला की राहणं, शाळा, खेळ, सगळं वर्षभर एका जागी. मंगलला पुन्हा उसाच्या फडात जावं लागणार नव्हतं.

विमलबाई स्वतः तिला घेऊन मैदानावर आल्या. उंच, वाळक्या अंगाच्या बाई. पौर्णिमाला म्हणाल्या, "आश्रुबाची लेक ना तू? माझी पोरगी तुझ्या हवाली करते. पर येक सांगते बाई. तिचा गुडघा गेला तर ना खेळ ना ऊस. आमच्याकडं पायच हायेत, दुसरं काय बी न्हाई."

"मावशी, मला ठावं हाय," पौर्णिमा म्हणाली.

आता इथे एक चूक झाली, आणि ती आमच्याच भागात होऊ शकते. मंगलने हिवाळाभर डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहिल्या होत्या. फळीवरून ट्रकवर चढायचं, मोळी टाकायची, धाडकन खाली उतरायचं, पुन्हा दुसरी मोळी. तिच्या पिंढऱ्या बघून सर म्हणाले, "हिला कशाला त्या उड्या आन् लोटांगनं? लोखंडाचे पाय झालेत हिचे." पोरींना पटलं. मला पटलं. आणि खरं सांगायचं तर पौर्णिमालाही पटलं. पोरगी थकून आलीय, ताकद तर आहेच, तिला थेट खेळू दे, असं तीच म्हणाली. आमच्या गावात ऊस वाहिलेल्या पायांवर शंका घेत नाहीत.

एका संध्याकाळी सराव रंगात आला होता. मंगल सुसाट माझ्याकडे आली. तिने पाय रोवला, धप्प, अगदी जुन्यासारखा. फडात ताठ पायाने उतरायची तिच्या अंगाला सवय लागली होती. मला वरून तिचा तळहात आणि खालून तिची टाच एकाच वेळी कळली, आणि मधला गुडघा आत कलताना मी पाहिला. तसाच. अगदी तसाच. पण तिची पकड माझ्यावर घट्ट होती, ती कशीबशी सावरली आणि हसत पुढे पळाली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पौर्णिमा मात्र जागच्या जागी खाली बसली होती. तिचा चेहरा फक्कीसारखा पांढरा पडला होता.

जयंतीच्या स्पर्धा अगदी तोंडावर आल्या होत्या. आमच्या गावात बाबासाहेबांच्या जयंतीला मैदानावर दिवे लागतात, सगळा गाव लोटतो, आणि त्या वर्षी तर परळीचा संघ यायचा होता. आश्रुबा जयंती मंडळात होते. मंगल खेळणार म्हणून गावाने विजयाचे पेढे आधीच सांगून ठेवले होते. आणि सामन्याच्या दिवशी पौर्णिमा सरांना म्हणाली, "सर, मंगलला बसवा."

"वेडी झालीस का?" सर म्हणाले. "सगळा गाव तिला बघायला आलाय."

"तिच्या पायात ताकद हाय, पर टेकायची सवय न्हाई. माझंच चुकलं, मी तिला सोडून दिलं. आजच्या गर्दीत, आजच्या इरेसरीत ती डबल जोरानं येनार खांबावर." मग तिचा आवाज खाली गेला. "सर, माझ्या टायमाला तुमी हितंच उभे व्हता."

सरांनी मंगलला बाहेर बसायला सांगितलं.

तो सामना आम्ही थोडक्यात हरलो. परळीच्या पोरी माझ्याभोवती नाचल्या, छान खेळल्या होत्या, त्यांचं कौतुकच आहे. पण आमच्या माणसांची तोंडं कडू झाली. गर्दी पांगताना एक जण मोठ्याने म्हणाला, "सोताला खेळता येईना, मग दुसरीला तरी कशाला खेळू देईल?" पौर्णिमाने ऐकलं. आश्रुबांनीही ऐकलं. ते लेकीजवळ आले, काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतेच निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. विमलबाई सगळ्यांत शेवटी आल्या. "मी फडातनं आल्यापास्नं हिचा खेळ बघायची वाट बघायलेय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी पौर्णिमा एकटीच माझ्यापाशी बसली होती. तिने पायजम्याची घडी वर सरकवून गुडघा उघडा केला होता. त्यावर उभा लांब व्रण होता. कधी तरी मंगल येऊन समोर उभी राहिली. भांडायलाच आली होती, तिच्या नाकपुड्यांवरून कळत होतं. पण तिची नजर व्रणावर गेली.

"लई दुखलं व्हतं का ताई?"

"दुखनं दोन दिसाचं," पौर्णिमा म्हणाली. "त्याच्यानंतर पायरी उतरताना भ्या वाटायचं. रस्ता वलांडताना भ्या वाटायचं. आपल्याच पायावर आपला भरोसा न्हाई, हे कसं असतं ते तुला कदी कळू नये, येवढंच मला पायजे. जून लांब हाय. येतीस का?"

मंगलने चपला काढल्या आणि शाळेच्या पायरीकडे गेली.

त्या वैशाखात ऊन असं तापलं की माझ्या चिरा रुंदावल्या. त्या दोघी मात्र उजाडता उजाडता मैदानावर असत. लोखंडाचे पाय वाकायला तयार नव्हते. ठिपका पुन्हा पुन्हा आत जाई आणि मंगल स्वतःच्याच मांडीवर चापट मारून शिव्या घाली. लोटांगणात तर ती पहिल्या दिवशी तोंडावर पडली. ज्या पोरीने गाड्या भरल्या, तिला मांडीच्या मागचे स्नायू मिनिटभर धरवेनात! पौर्णिमा हसली नाही. "वझं उचलायची ताकद येगळी आन् सोताला आवरायची येगळी," असं म्हणाली. हळूहळू मला खालून फरक कळू लागला. आधी टाच यायची, मग पाऊल यायला लागलं, मग बोटं. आणि एका सकाळी मंगल पायरीवरून उतरली ते मला कळलंच नाही. मी वाट बघत राहिलो आणि ती खाली उभी होती.

निवडीचा दिवस आला. बाहेरगावचे निवडकर्ते खुर्च्या टाकून बसले. माती सैल झाल्याने मी डगमगत होतो म्हणून सरांनी आदल्या दिवशी मला नव्याने पक्कं केलं होतं, बुडाशी ताजी माती आणि मुरूम भरला होता. घाईत तो नीट चोपला गेला नव्हता. मला ते कळत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं.

मंगलची पाळी आली. समोरची पोरगी चपळ होती, हुलकावणी देत माझ्या दिशेने आली, आणि मंगल तिच्या मागे. मी तिला येताना पाहत होतो. वेग सगळा तोच, जयंतीच्या आधीचा, थोडा जास्तच. तिने माझ्याजवळ पाऊल टाकलं आणि खालचा मुरूम सरकला.

मित्रांनो, पुढचं सांगायला मला जितका वेळ लागेल त्याच्या हजाराव्या भागात ते घडून गेलं. पाऊल घसरलं, तसा तिचा गुडघा वाकला. आत नाही, पुढे, बोटांच्या रेषेत. कंबर खाली आली, सगळं अंग एका क्षणात बसकं झालं, त्या पावलाच्या मागोमाग एक बारीक पाऊल पडलं आणि त्यामागे आणखी एक. कुणी सांगितलं होतं त्या पायाला? मंगलने विचार केला नव्हता, विचार करायला सवडच नव्हती. तिचं लक्ष पळणाऱ्या पोरीच्या पाठीवर होतं. सारा वैशाख ती जे करत आली होती, ते तिच्या अंगाने परस्पर केलं. तिचा तळहात माझ्यावर जेमतेम टेकला, ती माझ्याभोवती वळली आणि पलीकडची पोरगी बाद झाली.

टाळ्या पडल्या, त्या गडी बाद झाला म्हणून. निवडकर्त्यांनी माना हलवल्या. विमलबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. पण त्याच जागी, त्याच मातीत, एक दोर तुटता तुटता राहिला होता, हे त्या सगळ्या मैदानात कुणालाही दिसलं नव्हतं. जे घडलंच नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार! फक्त पौर्णिमा उभी होती, दोन्ही हात तोंडावर ठेवून, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी इतक्या वर्षांत पुष्कळ वळसे पाहिले, पुष्कळ ढाली उचललेल्या पाहिल्या. पण एवढी मोठी गोष्ट मी पाहिलेली नाही. देवळासमोर माणसं हात जोडतात ना, मला हात असते तर मी त्या गुडघ्यापुढे जोडले असते.

मंगलची निवड झाली. ती वसतिगृहात गेली. गाव पौर्णिमाशी पुन्हा गोड बोलू लागला, आश्रुबा सरावाच्या वेळी येऊन पायरीवर बसू लागले, आणि सरांनी हुकूम काढला की मुलं असोत की मुली, आधी टेकायचं शिकल्याशिवाय कुणी माझ्याकडे पळत यायचं नाही.

मग दिवाळी जवळ आली. ऊसतोडीच्या गाड्या भरू लागल्या. एका दुपारी पौर्णिमा लहान पोरींना शिकवत असताना विमलबाई मैदानावर आल्या. पौर्णिमाला वाटलं, मंगलचा काही निरोप असेल. पण बाई जरा वेळ बाजूला उभ्या राहून पोरींच्या उड्या बघत राहिल्या, आणि मग पुढे येऊन म्हणाल्या, "मला बी शिकीव."

"तुमाला, मावशी?" पौर्णिमा हसली.

"फळीवरनं उतरताना माझा ह्यो पाय आत जातुया. लई वर्सं झाली. रातीला ठनकतो. मला वाटायचं, आसंच आसतंय. मंगलला बघून कळलं की आसंच नसतंय." मग त्यांनी पौर्णिमाकडे रोखून पाहिलं. "हसतीस कावून? माझा गुडघा गुडघा न्हाई व्हय?"

पौर्णिमाचं हसू विरलं. तिने बाईंना हाताला धरून माझ्याजवळ आणलं. विमलबाईंनी लुगडं वर खोचलं आणि आधारासाठी मला धरलं. कोयत्याने घट्टे पडलेला तो तळहात मला कळला. त्या हळूहळू खाली बसू लागल्या, गुडघा बोटांच्या रेषेत ठेवत, श्वास रोखून, आणि तशाच हळूहळू वर आल्या. लहान पोरी खिदळायच्या थांबल्या होत्या. "आता ह्यो दुसरा," विमलबाई म्हणाल्या आणि पुन्हा खाली बसू लागल्या.

मित्रांनो, तुम्ही मैदानावर याल, पळाल, वळाल, माझ्यासारख्या खांबांना मिठ्या माराल. खुशाल या, त्यासाठीच आम्ही उभे आहोत. फक्त आधी टेकायला शिका. मोडल्यावर जे शिकवतात, ते आधी शिकायला कुणी मनाई केलेली नाही. आणि आज घरी गेलात की आईला विचारा, तिचा गुडघा कसा आहे ते.